साडेसातची साखळी प्रार्थना

देवाला आधी रेकॉर्ड करून ठेवलेलं चालतं, असा समज आमच्या घरात मी रूढ केला.

एरवी मी काही फार डोकेबाज बाई नाही. नाव आशा, वय सत्तेचाळीस, घाटकोपरच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये लोकांच्या शिरा शोधायची नोकरी, मुलुंड पूर्वेला तिसऱ्या मजल्यावर घर, आणि केलेली भेंडी दर वेळी चिकट. पण प्रार्थना टाळायची म्हटलं की माझी बुद्धी लहानपणापासून तल्लख! चर्चच्या रविवारच्या शब्बाथ शाळेत प्रार्थनेची पाळी माझ्यावर आली की मला नेमकी शिंक यायची. त्या एका शिंकेवर मी पाचवी ते आठवी काढली.

आणि असल्या मुलीच्या घरी पप्पा राहायला आले.

पप्पा म्हणजे माझे वडील. नगर जिल्ह्यात छत्तीस वर्षं गणित शिकवलं, चर्चच्या पंचकमिटीत त्याहून जास्त वर्षं काढली. आई गेल्यावर त्यांना एकटं ठेवणं शक्य नव्हतं. वय ब्याऐंशी, दोन्ही डोळ्यांत काचबिंदू, आणि हृदय डॉक्टरांच्या भाषेत ‘थकलेलं’. (डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन आणखीही एक वाक्य सांगितलं होतं. ते मी घरात कुणाला सांगितलं नाही. पप्पांना ते आधीच माहीत होतं.) येताना त्यांनी एक पत्र्याची ट्रंक आणली, आणि साडेसातची साखळी प्रार्थना आणली.

साखळी प्रार्थना म्हणजे सगळ्यांनी गोल बसायचं, डोळे मिटायचे, आणि एकापाठोपाठ एक प्रत्येकाने मोठ्याने प्रार्थना करायची. पाठ केलेलं चालत नाही, कागदावरचं चालत नाही. आपल्या मनातलं, आपल्या शब्दांत. एकाचं संपलं की शेजारच्याने उचलायचं, आणि सगळ्यात लहान जो असेल त्याने शेवट करायचा. पप्पांच्या आजोबांनी ही पद्धत गावातल्या घरात सुरू केली, आणि पप्पांच्या म्हणण्याप्रमाणे त्यानंतर ती एका संध्याकाळीही तुटली नव्हती. दुष्काळात नाही, आई गेली त्या दिवशी नाही, माझ्या लग्नात तर नाहीच. (जेवणाच्या पंगती थांबवून केली होती. सासरची माणसं अजून बोलून दाखवतात.)

आमच्या घरात सगळ्यात लहान म्हणजे माझी मुलगी शेरॉन. पंधरा वर्षं, दहावी, इंग्रजी माध्यम, आणि मराठीत प्रार्थना करायची वेळ आली की चेहरा दाताच्या डॉक्टरकडे नेल्यासारखा. येत्या नाताळाआधी तिचं दृढीकरण होतं. म्हणजे लहानपणी तिच्या वतीने आम्ही जे कबूल केलं होतं, ते आता तिने मंडळीसमोर उभं राहून स्वतःच्या तोंडाने कबूल करायचं. पप्पांना तेवढं बघायचं होतं. त्याआधी, घरात, साखळीत, तिच्या तोंडून तिची स्वतःची प्रार्थना एकदा ऐकायची होती.

"माझ्यानंतर कोण, एवढंच मला कळू दे," ते म्हणायचे. "मग मी मोकळा."

"पप्पा, असं काय बोलता!" मी म्हणायचे, आणि विषय बदलून भेंडीवर आणायचे.

सुरुवातीला सगळं रीतसर चाललं. पप्पांची प्रार्थना नगरपासून सुरू व्हायची, तिथला पाऊस, तिथली शाळा, मग पंतप्रधान, मग आमची सोसायटी तळमजल्यापासून मजल्यामजल्याने. दुसऱ्या मजल्यावरच्या शाहआजींचा गुडघा, चौथ्या मजल्यावरच्या सावंतांच्या मुलाची नोकरी, आणि रोज न चुकता लिफ्ट. त्यानंतर मी. मग माझा नवरा विजय. विजय लग्नापासून एकच प्रार्थना करतो, "प्रभू, सगळ्यांना सांभाळ." मी एकदा त्याला म्हटलं, अरे, थोडं तरी वाढव. तर म्हणाला, "सगळ्यांना म्हटलं की कोण राहिलं?" शेवटी शेरॉन. ती घाईघाईने ‘आमेन’ एवढंच म्हणायची. पप्पा थोडं थांबायचे, अजून काही येतंय का म्हणून, आणि मग डोळे उघडायचे.

जूनमध्ये आमच्या लॅबची वेळ बदलली. मला घरी यायला साडेआठ वाजायला लागले.

"काही हरकत नाही," पप्पा म्हणाले. "फोनवरून कर. देवाला काय, घाटकोपर आणि मुलुंड सारखंच."

झालं! पप्पांचा मोबाइल टीपॉयवर, स्पीकर चालू, आणि मी लॅबच्या स्टोअररूममध्ये सिरिंजच्या खोक्यांमध्ये उभी राहून, डोळे मिटून प्रार्थना करतेय. चार दिवस केली. पाचव्या दिवशी प्रार्थनेच्या मध्येच आमच्या सुपरवायझरने दार उघडलं आणि मला चक्कर आली असं समजून तोंडावर पाणी मारलं. सहाव्या दिवशी सकाळी, डबा भरता भरता, मला ती युक्ती सुचली. व्हॉट्सअॅपवर बोलून पाठवता येतं ना? मग आत्ताच बोलून ठेवू. संध्याकाळी शेरॉन लावेल. आवाज तसाही फोनमधूनच येतो, आणि डोळे तर सगळ्यांचे मिटलेले!

मी स्वयंपाकघरात उभी राहून दीड मिनिटाची अशी सुंदर प्रार्थना केली की विचारू नका. घाई नव्हती, सुपरवायझर नव्हता. "हे दयाळू, प्रेमळ स्वर्गीय पित्या," इथपासून सुरुवात. पप्पांची तब्येत घेतली, शेरॉनचा अभ्यास घेतला, आमच्या सुलोचनामावशींच्या कंबरेला आराम मागितला. रात्री घरी आल्यावर पप्पा म्हणाले, "आज छान झाली हं तुझी प्रार्थना." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण तरी दुसऱ्या दिवशी मी तीच परत पाठवली. इतकी चांगली झाली होती, एकदाच कशाला वापरायची?

आठवड्याभरात विजयला कळलं.

"आशा, हे चीटिंग आहे."

"हो."

"मग माझं पण करून ठेव ना. पवईहून निघालो की भांडुपला हमखास अडकतो मी, यार."

"तुझं काय करायचंय? एक वाक्य तर आहे!"

त्याने ते एक वाक्य स्कूटरवरून, सिग्नलला उभं राहून रेकॉर्ड केलं. आणि शेरॉन? ती रोज बटण दाबायची. तिने आमच्याकडे बघितलं, खालच्या बॅडमिंटन कोर्टाकडे बघितलं, आणि काही न बोलता स्वतःचं, कुठलंतरी पाठ असलेलं, नऊ सेकंदांचं करून टाकलं. मला कळल्यावर मी ओरडले, "शेरॉन! आजोबांना तुझ्या तोंडून ऐकायचंय गं!"

"माझ्याच तोंडून आहे," ती म्हणाली. "तुझ्यासारखंच."

मी भेंडी चिरायला घेतली.

मग बटण दाबायला उरल्या मंगलताई. मंगलताई पप्पांकडे बघायला येतात, दुपारी चार ते रात्री नऊ. मूळच्या मालवणकडच्या, राहायला भांडुपला, सासरे गिरणीत होते. त्यांना मी दाखवलं. गुरुजींची, म्हणजे पप्पांची, प्रार्थना संपली की हा पहिला दाबायचा. पुढचे दोन आपोआप एकामागून एक लागतात. तेवढं केलं की झालं.

"आणि मगे?" मंगलताईंनी विचारलं.

"मग काही नाही. आमेन."

"बरां," त्या म्हणाल्या, आणि माझ्याकडे असं बघितलं की मी उगाचच त्यांना चहा करून दिला.

ऑगस्टमध्ये एक दिवस लॅबचं मशीन बंद पडलं आणि मी सात वाजताच सुटले. घरी पोचले तर साडेसात होऊन गेले होते. चप्पल हातात घेऊन लॅच हळूच उघडला. आत पप्पा त्यांच्या खुर्चीत, डोळे मिटलेले, शेजारी वेताच्या मोढ्यावर मंगलताई, टीपॉयवर मोबाइल. बाकीच्या तीन खुर्च्या गोलात मांडलेल्या, रिकाम्या. आणि मोबाइलमधून मी प्रार्थना करत होते.

इतकी भाविक बाई! ऐकून मलाच वाटलं, कोण बरं ही? पप्पा फोनकडे कान करून, मान खाली घालून, माझ्या एकेका वाक्याला मान हलवत होते. मला रडू आलं. खरं सांगते, त्या क्षणी चप्पल टाकून आत जाऊन त्या खुर्चीत बसायला हवं होतं. दोन पावलांवर होती खुर्ची. पण आत गेले तर मी एकाच वेळी घाटकोपरला आणि दारात कशी, याचं उत्तर द्यावं लागलं असतं. मी दार लावलं आणि खाली सोसायटीच्या बाकावर जाऊन माझीच प्रार्थना संपायची वाट बघत बसायचं ठरवलं.

बाकावर विजय बसला होता.

"तू इथे काय करतोयस?"

"आज ट्रॅफिक नव्हता," तो म्हणाला. चेहरा चोरी पकडल्यासारखा. "वर काय चाललंय?"

"माझं चाललंय. मग तुझं."

"मग दोन मिनिटं बसू."

बसलो. तेवढ्यात रॅकेट फिरवत शेरॉन आली. आम्हा दोघांना बघून जागच्या जागी थांबली.

"तुम्ही दोघं खाली? मग वर कोण आहे?"

विजयने बाकावर सरकून जागा केली. शेवटी ती पण आमच्या मध्ये येऊन बसली. वर आम्ही तिघंही देवासमोर हजर होतो आणि खाली तिघंही बाकावर. शाहआजी फेरी मारता मारता थांबल्या आणि म्हणाल्या, "वा! किती छान, सगळं कुटुंब एकत्र!"

उद्यापासून हे बंद, असं मी त्या बाकावर ठरवलं. दुसऱ्या दिवशी लॅबचा कॅम्प निघाला. तिसऱ्या दिवशी शेरॉनची चाचणी. असं करता करता सप्टेंबर उजाडला आणि चर्चच्या पाळकसाहेबांचा फोन आला.

आमचे पाळकसाहेब नवीन, वय फार तर बत्तीस, अतिशय सरळ माणूस. दृढीकरणाला बसणाऱ्या प्रत्येक मुलाच्या घरी ते आधी भेट देतात. पप्पांनी फोन माझ्या हातातून घेतला. "या ना, सोमवारी या! साडेसातलाच या. आमच्या साखळीत बसा."

सोमवारी मी अर्धी रजा काढली. विजय पाच वाजता घरी. शेरॉनने सलवार-कुडता घातला. मी उपमा केला. (सुरक्षित. चिकट होत नाही.) पाळकसाहेब आले, "सलाम गुरुजी," असं आमच्याकडच्या रिवाजाप्रमाणे म्हणून पप्पांच्या पायाशीच बसायला लागले, त्यांना खुर्चीत बसवलं. सगळे गोलात बसलो. तीन महिन्यांनी त्या खुर्च्यांवर माणसं बसली होती. डोळे मिटले. पप्पांनी सुरुवात केली. नगर, पाऊस, शाळा, पंतप्रधान, शाहआजी, सावंत, लिफ्ट. मग पाळकसाहेबांसाठी दोन वाक्यं, शेरॉनसाठी चार. मग माझी पाळी.

"हे दयाळू, प्रेमळ स्वर्गीय पित्या," मी म्हटलं.

"हे दयाळू, प्रेमळ स्वर्गीय पित्या," टीपॉयवरून मी म्हटलं.

मंगलताई! मी सगळ्यांना सगळं सांगितलं होतं, मंगलताईंना आज बटण दाबू नका एवढं सांगायचं राहिलं होतं. साडेसात वाजले, गुरुजींचं झालं, त्यांनी दाबलं!

आता प्रार्थना चालू असताना डोळे उघडायचे नाहीत, उठायचं नाही, हे रक्तातच भिनलेलं. मी डोळे मिटूनच हात लांब करून मोबाइल चाचपडायला लागले आणि तोंडाने प्रार्थना चालू ठेवली. पण मला दुसरी प्रार्थना येतच नव्हती! तीन महिने तीच ऐकवून मला तीच पाठ झाली होती. त्यामुळे आम्ही दोघी मिळून, शब्दाला शब्द लावून, एका सुरात प्रार्थना करत होतो. पहिल्या दोन-तीन वाक्यांना नुसतं खोलीत घुमल्यासारखं वाटलं असेल. मग माझ्या हाताला उपम्याची डिश लागली आणि मी मागे पडले. मोबाइलमधली मी शांतपणे पुढे गेली. कुकरची एक शिट्टी झाली. दुसरी झाली. आणि ती म्हणाली, "आणि प्रभू, आमच्या सुलोचनामावशींच्या कंबरेला आराम पडू दे. त्यांना पुन्हा हिंडू-फिरू दे."

सुलोचनामावशी ऑगस्टच्या शेवटी वारल्या होत्या. त्यांचा दफनविधी याच पाळकसाहेबांनी केला होता. मी तिथे हजर होते, मूठभर माती मीही टाकली होती.

मी गप्प झाले. मोबाइल कुठे होता! लगेच विजय सुरू झाला. शेजारी बसलेल्या विजयच्या तोंडून चकार शब्द नव्हता आणि टीपॉयवरचा विजय म्हणत होता, "प्रभू, सगळ्यांना... अरे ओ भाई, आगे ले ना! ...सांभाळ." मागे तीन हॉर्न. मग शेरॉनचे नऊ सेकंद. मग शांतता. मला वाटलं, संपलं. वाट लागायची ती लागली, पण संपलं.

संपलं नव्हतं. मोढ्यावरून मंगलताईंचा मोठा, खणखणीत आवाज आला.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" पप्पा म्हणाले.

माझे वडील! पंचकमिटीचे! मी डोळे उघडलेच.

"ह्या घरार तुझी नजर ठेव रे म्हाराजा. गुरुजींच्या छातीत जा काय दुखता-खुपता, ता भायर काढ रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"ताई आणि दादा येळेर घराक येनत नाय. तेंका येळेर घराक आण रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" पप्पांनी हे जरा जास्तच मोठ्याने म्हटलं. आणि मग, नेहमीच्या आवाजात, "आमेन."

पाळकसाहेबांनी बिचाऱ्यांनी या सगळ्यात एकदाही डोळे उघडले नव्हते. उघडले तेव्हा ते आधी मोबाइलकडे बघत राहिले, मग सुलोचनामावशींची आठवण आल्यासारखे माझ्याकडे.

"माका काय ठावक?" मंगलताई मला म्हणाल्या. "रोज लायतंय तसां लायलंय."

"पप्पा," मी म्हटलं. "पप्पा, मी सांगते तुम्हाला, झालं असं की..."

"आशा," पप्पा म्हणाले, "तुमच्या लॅबमध्ये रोज साडेसातला कुकर लावतात का?"

मंगलताईंनी मोबाइल पालथा ठेवला.

"काचबिंदू डोळ्यांना होतो," पप्पा पुढे म्हणाले, "कानांना नाही. दुसऱ्याच दिवशी कळलं मला. त्याच दोन शिट्ट्या, त्याच जागी."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

पप्पांनी चाचपडत टीपॉयवरचा मोबाइल जवळ ओढला. मग म्हणाले, "बोललो असतो तर तेही बंद झालं असतं. तुमचे आवाज तरी ऐकू येत होते."

त्या वाक्यावर विजय उठून गॅलरीत गेला. मी तिथेच बसून राहिले. पप्पा पाळकसाहेबांकडे वळले. "मंगलचं मनावर घेऊ नका. तीन महिने इथे खरोखर बसणारी तीच होती. ती तिच्या देवाला गाऱ्हाणं घालायची, मी माझ्या देवाशी बोलायचो. जे ती मागत होती ते मलाही हवं होतं, म्हणून मी हो म्हणायचो."

पाळकसाहेबांनी मान हलवली. मग फार हळू आवाजात म्हणाले, "शेरॉन, तुला आज काही म्हणायचंय? एखादं वाक्य?"

शेरॉन लालबुंद झाली होती. तिने माझ्याकडे बघितलं. मी डोळ्यांनी खुणावलं, म्हण काहीतरी, काहीही म्हण. (त्याही वेळी! सगळं उघडं पडल्यावरही!)

"मला येत नाही," ती म्हणाली. "मी तिथे चर्चमध्ये उभी राहून सगळ्यांसमोर हो म्हणणार, पण मला अजून तसं आतून काही वाटतच नाही. मग खोटं कसं म्हणू? घरात एवढं चाललंय तेवढं पुरे ना."

पाळकसाहेब म्हणाले, की मग यंदा नको. पुढच्या वर्षी बघू, घाई नाही. त्यांना वाटलं, ते फार समजूतदारपणे बोलत आहेत, आणि बोलत होतेच. पण त्या खोलीत पुढचं वर्ष नव्हतं, हे मला माहीत होतं आणि पप्पांना माहीत होतं. पप्पांनी हात पुढे करून शेरॉनचं डोकं शोधलं आणि त्यावर ठेवला. "बरोबर आहे," ते म्हणाले. "घरात एक तरी माणूस खरं बोलतंय." ते हसण्याचा प्रयत्न करत होते, आणि मला ते बघवेना. पाळकसाहेबांनी उपमा तसाच ठेवला.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही तिघं रोज साडेसातला त्या खुर्च्यांवर बसायला लागलो. मी सुपरवायझरशी भांडून वेळ बदलून घेतली. हे जूनमध्येही जमलं असतं, फक्त मी विचारलं नव्हतं. आणि आमच्या प्रार्थना इतक्या भिकार व्हायच्या! पाठ झालेलं म्हणायचं नाही असं ठरवल्यावर माझ्याकडे काहीच उरलं नाही. पहिल्या दिवशी मी म्हटलं, "प्रभू..." आणि पुढे मिनिटभर पंख्याचा आवाज. विजयने सगळ्यांना ऐवजी एकेकाचं नाव घ्यायला सुरुवात केली आणि तिसऱ्या नावाला अडकला. शेरॉनची पाळी आली की ती गप्प. पप्पा थांबायचे. पूर्वीपेक्षा जास्त वेळ थांबायचे. मग ती ‘आमेन’ म्हणायची आणि ते डोळे उघडायचे.

"पप्पा, फारच वाईट होतंय हे," मी एकदा म्हटलं.

"हो," पप्पा म्हणाले. "पण आता चालू झालंय."

अशा एकोणीस संध्याकाळी मिळाल्या. मी मोजल्यात. विसाव्या दिवशी पहाटे पप्पा झोपेतच गेले. शेरॉनची स्वतःची प्रार्थना त्यांनी ऐकली नाही.

दफनविधीहून परतलो तेव्हा संध्याकाळ झाली होती. नगरहून दोन गाड्या भरून माणसं आलेली, माझे दोन्ही भाऊ, वहिन्या, चुलते, पाळकसाहेब. घरात उभं राहायला जागा नव्हती, दारात सावंत आणि शाहआजी. साडेसात वाजले. कुणी काही सांगितलं नाही, पण सगळे आपोआप गप्प झाले आणि थोरल्या चुलत्यांनी सुरुवात केली. साखळी खोलीभर फिरत माझ्यापर्यंत आली. पप्पांबद्दल काय काय सांगायचं होतं मला! मी तोंड उघडलं, आणि नुसता हुंदका आला. बराच वेळ तेवढंच. विजयने माझा हात धरला आणि म्हटलं, "प्रभू, हिला सांभाळ." एवढंच, सगळ्यांना नाही.

मग शेरॉन. मी वाट बघत होते, आता ‘आमेन’ येईल. आलं नाही. माझ्या शेजारी कुणीतरी नाक ओढलं, आणि मग जाडाभरडा, रडून बसलेला, मोडक्या मराठीतला आवाज आला.

"देवा, आजोबा गेले. आता आमच्या घरात कुणालाच प्रार्थना येत नाही. मम्मीला तर बिलकुलच नाही. तू बघितलंस ना आत्ता? तिला शिकव, प्लीज. मी तिच्याबरोबर बसेन. आमेन."

माझ्या मुलीची आयुष्यातली पहिली खरी प्रार्थना ही माझी तक्रार होती, आणि पन्नास माणसांनी भरलेल्या त्या घरात पाळकसाहेबांसकट प्रत्येकाने तिला इतक्या मनापासून ‘आमेन’ म्हटलं, की रडता रडता मीही म्हटलं. नाही कशी म्हणणार? मुद्दा बरोबर होता.